दुहेरी-अनाम परीक्षण

संशोधन-प्रस्ताव कोणाचा हे परीक्षकाला आणि परीक्षक कोण हे प्रस्तावकाला कळू न देता निवड करण्याची पद्धत. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक असतो, त्यामागचाच हा विचार. विज्ञानात मात्र बराच काळ पडदा एकाच बाजूला होता: परीक्षक अज्ञात, प्रस्तावक उघड. हा एकतर्फीपणा मोडल्यावर काय होते, हे हबल अवकाश दुर्बिणीच्या वेळवाटपात आकड्यांनिशी पाहायला मिळते.

हबल सुमारे 95 मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारते आणि निरीक्षणाचा वेळ अशा फेऱ्यांत वाटला जातो. मागणी उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट असते. वाटपाचे काम बाल्टिमोर येथील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटकडे आहे. प्रस्ताव मागवून वेळ वाटण्याच्या प्रत्येक खेपेला आवर्तन म्हणतात. तिथल्या नील रीड यांनी आवर्तन 11 ते 21 मधील निकाल तपासले, आणि त्यांचे विश्लेषण 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक आवर्तनात पुरुषांच्या प्रस्तावांचे यश स्त्रियांच्या प्रस्तावांपेक्षा थोडे अधिक होते. एखाद्या वर्षीचा फरक योगायोग म्हणून सोडून देता आला असता. सलग अकरा वेळा पारडे एकाच बाजूला झुकले, हे सोडून देण्याजोगे नव्हते. परीक्षकांत स्त्रियाही होत्या, त्यामुळे कोणा एकाच्या दुष्टाव्याने याचा उलगडा होत नव्हता.

प्रथम उपाय झाले ते किरकोळ. मुखपृष्ठावरून नाव आत हलवले, पहिल्या नावाऐवजी आद्याक्षरे ठेवली. विशेष फरक पडला नाही, आणि पडणार तरी कसा? खगोलशास्त्रज्ञांचे जग छोटे. आडनावावरून माणूस ओळखू येतो आणि चर्चा कामावरून माणसाकडे वळते. नाव मोठे असले की प्रस्तावातल्या त्रुटी ‘त्यांना जमेल’ म्हणून माफ होतात. नवख्याला ही सवलत नसते.

2018 मध्ये, 26 व्या आवर्तनापासून, नावे पूर्णपणे काढली गेली. ‘आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे’ अशी वाक्ये लिहायची नाहीत. स्वतःच्या लेखाचा उल्लेखही दुसऱ्याच्या लेखासारखा, तिऱ्हाइतपणे करायचा. बैठकीत ‘लेव्हलर’ म्हणून एक निरीक्षक बसतो. चर्चा ‘हे कोणाचे काम असेल’ याकडे घसरली की तो ती थांबवतो. गुणानुक्रम पक्का झाल्यावरच चमूच्या अनुभवाची माहिती उघडली जाते. तिच्या आधारे अपात्र चमूला नाकारता येते, पण कोणाला वर चढवता येत नाही. सगळ्या रचनेतली सर्वांत शहाणी तरतूद हीच म्हणावी लागेल, कारण अनुभवाचा प्रश्न न टाळता तिने त्याला शेवटची जागा दिली.

त्या आवर्तनाच्या निवड समितीच्या अध्यक्ष येल विद्यापीठातील भारतीय वंशाच्या प्रियंवदा नटराजन होत्या. 489 प्रस्तावांपैकी 138 स्त्रियांचे होते. त्यांतील 12 म्हणजे 8.7 टक्के निवडले गेले. पुरुषांच्या 351 पैकी 28, म्हणजे 8.0 टक्के. रीड यांनी तपासलेल्या आवर्तनांतले चित्र इथे उलटले. आकडे लहान आहेत, एकदोन प्रस्ताव इकडचे तिकडे झाले असते तरी टक्केवारी बदलली असती. तेव्हा ‘स्त्रिया पुढे गेल्या’ असे न म्हणता फट बुजली एवढेच म्हणणे रास्त.

पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. एखादे उपकरण किंवा गणनपद्धती एकाच गटाकडे असेल, तर नाव झाकूनही तो गट झाकला जात नाही. आणि प्रस्ताव नीट कसा लिहावा हे शिकवणारे ज्येष्ठ ज्याला लाभले नाहीत, त्याची अडचण निवडीच्या आधीच सुरू झालेली असते.

जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या आवर्तनात आलेले 1,173 प्रस्ताव याच रीतीने तपासले गेले. चिलीतील आल्मा दुर्बीण-समूहाने 2021 मध्ये ही पद्धत घेतली. तिथे बहुतेक प्रस्ताव स्वतः प्रस्तावकांनीच तपासायचे असतात: एक प्रस्ताव पाठवणाऱ्याच्या वाट्याला इतरांचे दहा प्रस्ताव येतात, अर्थात नावांशिवाय.