म्युनिकच्या लेटरहेडपासून नायराच्या ईमेलपर्यंत

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं आउटलुक (ईमेल) आणि टीम्स (बैठका-संदेश) ही मायक्रोसॉफ्टची साधनं एकाएकी बंद पडली. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला. रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात ४९ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा, त्यामुळे युरोपीय संघाने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. हे निर्बंध भारताचे नव्हते. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले आहेत, असं नायराचं म्हणणं होतं. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालय गाठलं, आणि काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाली.

पैसे भरूनही चावी दुसऱ्याकडेच राहते, ही अडचण जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेला २००३ सालीच कळली होती. विंडोज एनटी ४ या जुन्या आवृत्तीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट संपत आला होता आणि सुमारे १४ हजार संगणक बदलायचे होते. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर सुट्टी अर्धवट सोडून महापौर ख्रिस्तियान उडे यांना भेटायला आले, किंमतही उतरवली. तरी नगरसभेने लिनक्स निवडलं, म्हणजे कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली, विंडोजच्या जागी चालणारी खुली प्रणाली. कंपनी सांगेल तेव्हा सगळं बदलायचं, हेच त्यांना नको होतं.

खरी दमछाक झाली ती साध्या कागदांपायी. प्रत्येक खात्याचं लेटरहेड वेगळं, अर्जाचे नमुने वेगळे, वर्डमधले मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या) वेगळे. ते सगळं एका जागी आणण्यासाठी महापालिकेने वोलमुक्स नावाचं साधन स्वतः बनवलं आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, सर्वांना खुला केला. एखाद्या महापालिकेने असं करावं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार संगणक लिनक्सवर आले. पण बाहेरून येणाऱ्या वर्ड फाइल्स नीट उघडत नसल्याच्या तक्रारी सुरूच होत्या. महापौर बदलले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरलं.

मधल्या काळात चावी कोणाकडे, या प्रश्नाची धार वाढली होती. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी पाळत उघडकीस आणली. २०१८ च्या अमेरिकी क्लाउड कायद्याने तिथल्या कंपन्यांकडचा डेटा, सर्व्हर परदेशात असला तरी, मागण्याची मुभा तपासयंत्रणांना दिली. २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने अमेरिकेशी झालेला डेटा-हस्तांतराचा करार रद्द ठरवला. सर्व्हर आपल्या गावात आहे, एवढ्याने भागणार नाही, हे आता कायद्याच्याच भाषेत लिहिलं गेलं होतं.

म्हणूनच जर्मनीच्या उत्तर टोकाचं श्लेस्विग-होलश्टाइन राज्य म्युनिकचा अनुभव समोर असूनही त्याच वाटेने निघालं. एप्रिल २०२४ मध्ये त्याने ३० हजार संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस हे खुलं सॉफ्टवेअर आणायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून जास्त मेलबॉक्स ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या खुल्या ईमेल साधनांवर हलवून झाले होते. विंडोजच्या जागी लिनक्स आणण्याचं काम त्यांनी पुढच्या टप्प्यासाठी ठेवलं आहे.