धावत्या गाडीचा धूर आणि एकत्र आलेली शहरं

डिझेल गाडीचं पीयूसी काढताना नेमकं काय मोजतात? धूर सोडणाऱ्या नळकांड्यात नळी घालतात, अॅक्सिलरेटर दाबायला सांगतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते पाहतात. म्हणजे धूर किती काळा आहे, एवढंच. डिझेल इंजिनातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो, तो या तपासणीत येतच नाही. तरीही ‘पीयूसी आहे ना, मग गाडी स्वच्छ’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. कागदावर पास झालेली गाडी रस्त्यावरही पास, या समजुतीवर युरोपातल्या शहरांनीही दीड दशक भरवसा ठेवला होता. तो भरवसा कसा तुटला आणि त्यानंतर शहरांनी एकमेकांच्या मदतीनं काय केलं, हे सांगण्यासाठी हा लेख.

युरोपीय संघानं नायट्रोजन डायऑक्साइडसाठी वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठरवली आणि ती २०१० पर्यंत गाठायची होती. त्याच काळात गाड्यांच्या धुराचे नियमही कडक होत गेले. त्यांच्या टप्प्यांना युरो ३, युरो ४ अशी नावं आहेत. डिझेल कारला किलोमीटरमागे नायट्रोजनचे ऑक्साइड (यापुढे नॉक्स) सोडायची मुभा युरो ३ मध्ये ५०० मिलिग्रॅम होती, युरो ४ मध्ये २५०, युरो ५ मध्ये १८० आणि युरो ६ मध्ये ८०. आकडे असे पायरीपायरीनं उतरत असताना रस्त्याकडेच्या हवेतला वायू त्या प्रमाणात कमी व्हायला हवा होता. पॅरिस, माद्रिद, लंडन, श्टुटगार्ट, सगळीकडे मोजणी केंद्रं वेगळंच सांगत होती.

इथे थोडं रसायनशास्त्र लागेल. नॉक्समधला नायट्रोजन बहुतांश हवेतलाच असतो, डिझेलमधला नव्हे. नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधानं इतके घट्ट बांधलेले असतात की एरवी ऑक्सिजन त्यांना काही करू शकत नाही. तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ऑक्सिजनचे सुटे अणू तयार होतात आणि त्यांतला एखादा नायट्रोजनचा रेणू फोडून नायट्रिक ऑक्साइड बनवतो. सुटलेला नायट्रोजनचा अणू लगेच ऑक्सिजनच्या रेणूला भिडतो, आणखी एक नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि ऑक्सिजनचा एक अणू पुन्हा मोकळा होतो. साखळी सुरू राहते. पेट्रोल इंजिनातही हे घडतं, पण तिथे इंधन आणि हवा अगदी मापात मिसळलेली असल्यामुळे नळकांड्यातला उत्प्रेरक नॉक्सचा ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. डिझेल इंजिन जास्तीच्या हवेत चालतं. धुरात ऑक्सिजन शिल्लक राहतो आणि तो उत्प्रेरक निकामी ठरतो.

म्हणून डिझेलला वेगळे उपाय लागतात. थोडा धूर पुन्हा सिलिंडरमध्ये घालून ज्वलनाचं तापमान खाली आणायचं, किंवा युरियाचं द्रावण फवारून त्यातल्या अमोनियानं नॉक्सचा पुन्हा नायट्रोजन करायचा. दुसरा उपाय उत्तम आहे, पण उत्प्रेरक साधारण दोनशे अंशांपर्यंत तापलेला हवा. शहरातल्या रांगेत रखडणाऱ्या गाडीत तो तेवढा तापत नाही. म्हणजे ही यंत्रणा महामार्गावर नीट चालते आणि जिथे माणसं श्वास घेतात तिथे ढेपाळते.

प्रयोगशाळेतल्या चाचणीला हे दिसत नव्हतं. गाडी रोलरवर चढवायची, खोलीचं तापमान २० ते ३० अंशांत ठेवायचं, वीस मिनिटांत सुमारे ११ किलोमीटर ठरलेल्या वेगानं चालवायची. त्यातून २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती धूर स्वच्छ करणारी संगणकप्रणाली जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होती. फसवणूक एका कंपनीची उघड झाली, पण मूळ दुखणं व्यापक होतं. आयसीसीटी या संशोधन संस्थेनं आदल्याच वर्षी, २०१४ मध्ये, १५ आधुनिक डिझेल गाड्यांची रस्त्यावरची मोजमापं तपासली होती आणि सरासरी नॉक्स युरो ६ मर्यादेच्या सात पट निघाला होता.

आता महापालिकांची कोंडी पाहा. हवा बिघडली तर नागरिक जाब विचारतात महापौरांना. इंजिनाचे नियम ठरतात युरोपीय संघाच्या पातळीवर आणि तिथे शहरांना मत नाही. २०१६ मध्ये युरोपीय आयोगानं रस्त्यावरची चाचणी आणली, हे चांगलंच झालं. पण सोबत एक गुणक जोडला. रस्त्यावर सुरुवातीला ८० च्या २.१ पट, म्हणजे १६८ मिलिग्रॅम चालेल आणि पुढे दीडपट, म्हणजे १२०. कारण असं दिलं गेलं की रस्त्यावरची उपकरणं तितकी अचूक नसतात आणि कंपन्यांना वेळ हवा. उपकरणाच्या चुकीला थोडी सूट समजू शकते. दुपटीहून जास्त सूट म्हणजे नियमच बदलणं, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅरिस, ब्रसेल्स आणि माद्रिद यांचंही तेच मत होतं. तीन वेगळ्या देशांच्या या तीन राजधान्या आयोगाविरुद्ध युरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयात गेल्या आणि १३ डिसेंबर २०१८ रोजी जिंकल्या. कायद्यानं ठरलेली ८० ची मर्यादा आयोगाला आपल्या अखत्यारीत सैल करता येत नाही, असा निकाल लागला.

युरोपातल्या शहरांचं सहकार्य तसं जुनं आहे. बार्सिलोना, बर्मिंगहॅम, फ्रँकफर्ट, लियाँ, मिलान आणि रॉटरडॅम या सहा शहरांनी १९८६ मध्ये युरोसिटीज ही संघटना उभी केली आणि आज तिच्यात दोनशेहून अधिक शहरं आहेत. वाहतुकीपुरतं ‘पोलिस’ (Polis) नावाचं शहरांचं वेगळं जाळं १९८९ पासून चालू आहे. बैठका, ठराव, अनुभवांची देवाणघेवाण यांची किंमत मी कमी लेखत नाही. पण मला सगळ्यात भावलेलं सहकार्य वेगळं आहे. ते रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या एका यंत्राभोवती घडलं.

हे यंत्र अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठात डोनाल्ड स्टेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलं. रस्त्याच्या एका बाजूला अवरक्त आणि अतिनील प्रकाशाचा स्रोत, दुसऱ्या बाजूला आरसा. किरण नळकांड्याच्या उंचीवर रस्ता ओलांडून जातो, आरशावरून परत येतो. गाडी तो छेदून पुढे गेली की तिच्यामागचा धूर किरणाच्या वाटेत राहतो. प्रत्येक वायू प्रकाशातल्या आपापल्या ठरलेल्या तरंगलांबी शोषतो. कार्बन डायऑक्साइड अवरक्तातला प्रकाश घेतो, नायट्रिक ऑक्साइड अतिनीलातला. परतलेल्या प्रकाशात कुठला भाग किती कमी झाला, यावरून वाटेत कोणता वायू किती होता ते कळतं. गाडीला थांबवायचं नाही, चालकाला कळवायचंही नाही.

पण खरी अडचण पुढे आहे. धूर नळकांड्यातून निघाल्याबरोबर पसरतो. वारा किती, नळकांडं डावीकडे की उजवीकडे, मागच्या गाडीनं हवा किती ढवळली, या सगळ्यावर तो किती विरळ होईल ते अवलंबून असतं. त्यामुळे किरणानं नायट्रिक ऑक्साइड थोडा दाखवला, तर गाडी स्वच्छ आहे की नुसता वारा आला, हे कसं ओळखायचं?

उत्तर गुणोत्तरात आहे. लिंबाच्या सरबतात कितीही पाणी ओता, चव फिकी होईल, पण त्यातलं साखर आणि मिठाचं प्रमाण तेच राहील. धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड हवेत सारखेच विरळ होतात. यंत्र अर्ध्या सेकंदात पन्नासेक नोंदी घेतं. आलेखावर आडवा कार्बन डायऑक्साइड आणि उभा नायट्रिक ऑक्साइड मांडला तर बिंदू एका सरळ रेषेवर येतात. दाट धुराचे बिंदू वर, विरळ धुराचे खाली, पण रेषा तीच. त्या रेषेचा चढ म्हणजे आपल्याला हवं असलेलं गुणोत्तर. गाडी यायच्या आधी हवेत जे वायू होते ते वजा करून टाकलेले असतात.

या गुणोत्तरावरून थेट कायद्याच्या मर्यादेपर्यंत जाता येतं. लिटरला २० किलोमीटर धावणारी डिझेल गाडी घ्या. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे किलोमीटरमागे १३२ ग्रॅम. रेणुभार ४४ असल्यामुळे हे झाले ३ मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक). युरो ६ च्या ८० मिलिग्रॅम नॉक्सचं वजन नियमात नायट्रोजन डायऑक्साइड समजून धरतात. त्याचा रेणुभार ४६, म्हणून ते १.७४ मिलिमोल. भागाकार केला की कळतं, नियम पाळणाऱ्या गाडीच्या धुरात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार रेणूंमागे नॉक्सचे सहाच्या आसपास रेणू असायला हवेत. रेषेचा चढ चाळीस दाखवत असेल तर गाडी मर्यादेच्या सात पट नॉक्स सोडते आहे. डिझेल जळालं की त्यातला कार्बन धुरातच येणार, तो लपवता येत नाही. म्हणून कार्बन डायऑक्साइड हा जळलेल्या इंधनाचा हिशेब ठेवणारा साक्षीदार ठरतो. मला या पद्धतीचं अजूनही अप्रूप वाटतं.

शेजारचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि वाहननोंदणीतून गाडीची कंपनी, इंजिन, इंधन आणि युरो श्रेणी कळते. मात्र एका नोंदीवरून एका गाडीला दोषी ठरवता येत नाही. त्या क्षणी चालकानं वेग घेतला असेल, इंजिन थंड असेल. एकाच कुळातल्या इंजिनांच्या पुष्कळ नोंदींची सरासरी लागते आणि सरासरीतली चूक नोंदींच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. चूक निम्मी करायची तर नोंदी चौपट हव्यात. एका शहरात एका विशिष्ट इंजिनाच्या तेवढ्या गाड्या यंत्रासमोरून जात नाहीत. पॅरिसमध्ये एका कंपनीच्या गाड्या जास्त, लंडनमध्ये दुसरीच्या, गोथेनबर्गमध्ये तिसरीच्या. इथे शहरांना एकमेकांची गरज पडली.

स्वित्झर्लंडमधला झुरिच कँटन हा प्रांत २००० सालापासून रस्त्यावर अशी मोजणी करत होता. स्वित्झर्लंड, स्वीडन, स्पेन, फ्रान्स आणि ब्रिटन इथल्या लाखो नोंदी कोनॉक्स नावाच्या प्रकल्पात एकत्र झाल्या. २०१७ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या महापौर आन इदाल्गो आणि लंडनचे महापौर सादिक खान यांनी, सोल शहराला सोबत घेऊन, गाड्यांना रस्त्यावरच्या खऱ्या धुरानुसार गुण देण्याची घोषणा केली. मग आयसीसीटी आणि एफआयए फाउंडेशन यांनी ट्रू हा उपक्रम सुरू केला. यंत्रं लंडनमध्ये लागली, २०१८ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये लागली, पुढे क्राकाव, वॉर्सा आणि ब्रसेल्समध्येही. एका शहराच्या हाती जो पुरावा कधीच आला नसता, तो सगळ्यांना मिळून मिळाला.

एकत्र नोंदींचा आणखी एक फायदा झाला. शहरांची हवामानं वेगळी, त्यामुळे तापमानाचा परिणाम दिसू लागला. थंडी वाढली की अनेक डिझेल गाड्यांचा नॉक्स वाढत होता. काही गाड्यांची संगणकप्रणाली धूर पुन्हा सिलिंडरमध्ये घालायची क्रिया १५ ते ३३ अंशांच्या पट्ट्यातच पूर्ण क्षमतेनं चालवत होती. त्याखाली ती कमी व्हायची. युरोपच्या बऱ्याच भागात वर्षाचं सरासरी तापमान त्या पट्ट्याच्या खालीच असतं! १४ जुलै २०२२ रोजी युरोपीय न्यायालयानं अशी प्रणाली म्हणजे चाचणीला बगल देणारी यंत्रणाच आहे, असा निकाल दिला.

अशा चिकट, आकडेवारीच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. टाळ्या मिळतात चौकात उभारलेल्या स्मॉग टॉवरला. उघड्या हवेतला वायू पंख्यानं ओढून गाळायचा आणि शहर शुद्ध करायचं, ही कल्पना साध्या गुणाकारातच कोसळते, कारण वर अख्खं आकाश मोकळं असतं. आपल्याकडे अग्निहोत्रानं हवा शुद्ध होते असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. शेणी आणि तूप जाळून धूरच होतो, त्यात सूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसात जातात. श्रद्धेनं करायचं तर जरूर करा, पण हवेचा उपाय म्हणून लहान मुलांना त्या धुरात बसवू नका.

तीन राजधान्यांच्या खटल्याचं पुढे काय झालं? जर्मनी, हंगेरी आणि आयोग अपिलात गेले. १३ जानेवारी २०२२ रोजी युरोपीय न्यायालयानं आधीचा निकाल रद्द केला. शहरांना या नियमाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकारच नाही, असं ते म्हणालं. वरवर पाहता हा पराभव. पण कारण वाचण्यासारखं आहे. हा नियम गाड्या बाजारात आणण्याविषयी आहे, शहरानं आपल्या रस्त्यावर कोणती गाडी येऊ द्यायची या अधिकाराला तो हात लावत नाही, म्हणून शहरांना त्याची थेट झळ बसत नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. म्हणजे अपील हरताना शहरांना आपल्या रस्त्यांवरचा हक्क स्पष्ट शब्दांत मिळाला. गुणकही पुढे उतरला. युरो ६ ई या टप्प्यात, २०२३ च्या सप्टेंबरपासून, तो १.१ वर आला. हवेची मर्यादाही २०३० पासून ४० ऐवजी २० होणार आहे. भारतातल्या बीएस-६ मध्ये डिझेल कारसाठी तीच ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरची चाचणीही आली आहे.

मात्र एक प्रश्न या सहकार्यातून अजून सुटलेला नाही. पश्चिमेच्या शहरांनी नाकारलेली डिझेल गाडी भंगारात जातेच असं नाही. बरेचदा ती पूर्व युरोपात विकली जाते. २०२५ च्या जानेवारीत पॅरिस महानगरात युरो ४ डिझेल गाड्यांना कामाच्या दिवशी प्रवेशबंदी लागू झाली. वॉर्सानं जुलै २०२४ मध्ये आपलं पहिलं कमी उत्सर्जन क्षेत्र सुरू केलं, तेव्हा डिझेल गाड्यांसाठी ठेवलेली किमान अट होती युरो ४. एकाच पद्धतीनं धूर मोजणाऱ्या दोन शहरांचे निकष असे एका पायरीनं वेगळे असले, की एका शहराच्या हद्दीबाहेर काढलेल्या गाडीला दुसऱ्याच्या हद्दीत जागा मिळते.