कुटाराची बंडी आणि लाडबोरीचं कडं

परवा पानठेल्यावर एकानं मोबाइलवर अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन ९ रॉकेट अलगद परत उतरतानाचा व्हिडिओ दाखवला. म्हणाला, "पाहा, अन् आपले लोक अजून वापरून फेकूनच देऊन राहिले!" मला लाडबोरीचं कडं आठवलं.

२ एप्रिल २०२२, पाडव्याची रात्र. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आभाळातून पडलं. आसपासच्या शिवारात गोळेही सापडले. वर्षाच्या पहिल्याच दिवशी अपशकुन, म्हणून आमच्या मामीनं घरादाराची दृष्ट काढली. अभ्यासकांच्या मते ते होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष. टप्पा म्हणजे स्वतःची टाकी आणि इंजिन असलेला रॉकेटचा एक भाग.

पण टप्पे टाकायचेच कशाला? समजा, लांबच्या गावी बंडी न्यायची आहे आणि वाटेत बैलांना चारायला कुटार कुठंच मिळणार नाही. मग ते बंडीतच भरा. कुटार वाढलं की बैल वाढवा, बैल वाढले की आणखी कुटार. रॉकेटचं तेच. त्याला तर इंधन जाळायला ऑक्सिजनही सोबत न्यावा लागतो. याचं गणित त्सिओल्कोव्हस्की या रशियन शिक्षकानं १९०३ मध्ये छापलं. पृथ्वीजवळच्या कक्षेत टिकायला सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेग लागतो. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध धरला तर रॉकेटला ९.४ च्या आसपास कमवावा लागतो. इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगानं निघत असेल, तर ९.४ भागिले ३ म्हणजे ३.१३, आणि e (गणितातली ठरलेली संख्या, सुमारे २.७१८) चा ३.१३ वा घात आला २३. (लॉगरिदमची धास्ती असणाऱ्यांनी पुढचं वाक्य तेवढं वाचा.) २३ टनांच्या रॉकेटात २२ टन इंधन, आणि उरलेल्या एका टनात टाक्या, इंजिन, उपग्रह, सगळं! म्हणून टाकी रिकामी झाली की ती सोडून द्यायची, पुढच्या इंजिनानं मेलेलं वजन ओढायचं नाही. आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचे असे चार टप्पे आहेत.

परत उतरवायचं तर त्यासाठी इंधन राखावं लागतं, पाय लावावे लागतात. भूस्थिर उपग्रहांच्या वाटेवर फाल्कन ९ चा खालचा टप्पा टाकून दिला तर रॉकेट ८.३ टन नेतं, परत आणायचा तर ५.५ टन. सतत उडवणाऱ्याला हा घाटा परवडतो, वर्षाला मोजकी उड्डाणं करणाऱ्याला तोच हिशेब जड जातो.

आपल्या रॉकेटांचे खालचे टप्पे समुद्रात पडतात. खरी अडचण शेवटच्याची, कारण तो स्वतःच कक्षेत पोचतो. लाडबोरीवाला टप्पा लांबट कक्षेत फिरत होता. दर फेरीत खालच्या टोकाशी विरळ हवा घासली, वेग किंचित घटला आणि वरचं टोक खाली आलं. असं चौदा महिने चाललं. पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा इस्रोनं मुद्दाम ३५० किलोमीटरवर उतरवला, उरलेलं इंधन काढून टाकलं, त्यावर प्रयोगही केले. १ जानेवारी २०२४ ला उडालेला तो टप्पा २१ मार्चला प्रशांत महासागरावर संपला.

पानठेल्यावरच्या गड्याला मी विचारलं, "फाल्कनचा वरचा टप्पा कुठं उतरतो?"

त्यानं व्हिडिओ मागं-पुढं केला. "तो तर यात दिसूनच नाही राहिला."