बंद रेल्वेमार्गांवरची स्पीडर-भ्रमंती

गाड्या थांबल्या आहेत, पण रूळ अजून उचललेले नाहीत, अशा रेल्वेमार्गांवरून स्पीडरने हिंडण्याची अमेरिका व कॅनडातील प्रथा. १९७० व १९८० च्या दशकांत ती विशेष भरात होती. स्पीडर म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या कामगारांची पेट्रोल इंजिनावर चालणारी छोटी चारचाकी गाडी. भारतात रेल्वेचे अभियंते मार्गाच्या पाहणीसाठी जी मोटार ट्रॉली वापरतात, त्याच जातीचे हे वाहन.

ही भ्रमंती शक्य झाली ती दोन घटना एकाच सुमारास घडल्यामुळे. अमेरिकेत मार्ग बंद करायचा तर १९२० च्या कायद्यापासून आंतरराज्य वाणिज्य आयोगाची परवानगी लागे, आणि ती सहज मिळत नसे. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने हे काम बरेच सोपे केले. त्याच वर्षी ३१ मार्चला रॉक आयलंड ही दिवाळखोर रेल्वे कंपनी पूर्ण बंद झाली आणि मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीनेही पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणारा आपला लांबलचक मार्ग सोडून दिला. शेवटची गाडी जाणे आणि भंगार ठेकेदाराने रूळ उचलणे यांत अनेकदा कित्येक महिने, कधी वर्षे जात. याच काळात रेल्वे कंपन्या स्पीडर काढून टाकत होत्या. रस्त्यावरून येऊन खाली सोडलेल्या छोट्या लोखंडी चाकांवर रुळांवरून धावणारे ट्रक आले आणि जुन्या गाड्या हौशी लोकांना स्वस्तात मिळू लागल्या. मोकळे मार्ग आणि मोकळ्या गाड्या एकाच वेळी हाताशी होत्या. रूळ उचलले गेले की हा योग संपे.

सर्वाधिक आढळणारी गाडी मिनेसोटातील फेअरमाँट गावच्या फेअरमाँट कंपनीची. कॅलामाझू, नॉर्थवेस्टर्न आणि कॅनडात वुडिंग्ज याही कंपन्या होत्या. एकदोन माणसांची गाडी साधारण २०० ते ३०० किलोंची. कामगारांची टोळी वाहून नेणाऱ्या गाड्या याहून बऱ्याच जड. जुन्या फेअरमाँटमध्ये एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन असे. त्याला वेगळे वंगण नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच बेअरिंगपर्यंत पोहोचते. त्यामुळे मिश्रणात कसूर झाली तर इंजिन जाम होते. सिलिंडरभोवतीच्या उघड्या टाकीतले पाणी उकळून उडून जाते, म्हणून ओढा दिसला की ती भरून घ्यायची. थंडीत ते पाणी न विसरता काढून टाकावे लागते, नाहीतर गोठून सिलिंडरचे आवरण फुटते. इंजिनाची शक्ती सपाट पट्ट्याने आसाकडे जाते आणि तरफेने पट्टा ताणला की गाडी चालू लागते. ओला पट्टा घसरतो, म्हणून सुटा पट्टा जवळ हवाच. साध्या गाड्यांत उलट गिअर नसतो: इंजिन थांबवून ठिणगीची वेळ फिरवायची आणि ते उलट दिशेने सुरू करायचे. नंतरच्या गाड्यांत ओनान कंपनीचे दोन सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन आणि गिअरबॉक्स आला. चालवायला ते सोपे, पण वाटेत बिघाड झाल्यास साध्या हत्यारांनी जुने टू-स्ट्रोकच लवकर दुरुस्त होते.

निघण्यापूर्वी कागद जमवावे लागत. भूसर्वेक्षणाच्या १:२४,००० नकाशावर मार्ग, पूल आणि बोगदे दिसतात. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांसाठी छापलेल्या वेळापत्रकातून स्थानकांची व सायडिंगची मैलातली अंतरे मिळतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मालकीचा. कायदेशीररीत्या बंद झालेल्या मार्गाचे रूळ कंपनीचे किंवा ठेकेदाराचे असतात, आणि जमीन कित्येकदा शेजारच्या शेतकऱ्याकडे परत गेलेली असते. नुसता ‘सेवेबाहेर’ ठेवलेला मार्ग मात्र बंद नव्हे. त्यावर रिकामे डबे ठेवायला एखादे इंजिन कधीही येऊ शकते. या दोन प्रकारांत गल्लत करणे ही या छंदातली सर्वांत धोकादायक चूक. पुष्कळ जण विनापरवाना जात. ती घुसखोरीच होती, आणि तिच्यामुळे परवानगी मागणाऱ्यांनाही नकार मिळू लागला.

गाडी रुळांवर चढवायला फाटकाची जागा उत्तम, कारण तिथे रस्ता रुळाच्या माथ्याच्या पातळीत असतो. छोट्या गाडीला एका टोकाला बाहेर ओढायचे दांडे असतात. बराचसा भार दुसऱ्या आसावर असल्याने सुमारे ५०-६० किलोच उचलावे लागतात; जड टोकाची चाके आधी रुळावर ठेवून गाडी फिरवून घेता येते. सोबत कुऱ्हाड, करवत, फावडे, पहार, दोन जाड फळ्या, दोर, स्पार्क प्लग आणि जास्तीचे पेट्रोल हवे. निघताना चाकांच्या पत्र्याला तडे आहेत का, ती आसावर ढिली झाली आहेत का, ते पाहून घ्यावे.

सर्वाधिक घसरगुंड्या फाटकांवर होतात. चाकाच्या कडेसाठी रुळाच्या आतल्या बाजूला जी खाच असते, ती माती, खडी किंवा बर्फाने भरते. हलकी गाडी तीवर चढून सरळ रस्त्यावर उतरते. उतरून पहारीने खाच साफ करणे हाच उपाय. डांबर पूर्ण ओतले असेल तर गाडी उचलून पलीकडे न्यावी लागते. फाटकाचे दिवे स्पीडरसाठी लागत नाहीत. सिग्नल चालू पडू नयेत म्हणून चाके मुद्दाम विद्युतरोधक ठेवलेली असतात, आणि बंद मार्गावर तर वीजच तोडलेली असते. म्हणून एकाने झेंडा घेऊन रस्त्यावर उभे राहायचे.

दुसरा धोका गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, उघडण्याचा. स्लीपर कुजले की खिळे ढिले पडतात आणि वळणावर बाहेरचा रूळ सरकतो. स्पीडरच्या वजनाने रूळ पसरत नाही, पण आधीच पसरलेल्या जागी चाक आत पडते. गवताचा धोका लोकांना कळत नाही: चाकांखाली चिरडलेल्या हिरव्या पानांचा रस रुळावर पसरतो आणि ब्रेक लावूनही गाडी घसरत पुढे जाते. झुडपांतून जाताना चालण्याच्या वेगाहून जास्त जाऊ नये. पुढे पडलेले झाड असते, नाहीतर तुंबलेल्या मोरीमुळे वाहून गेलेला भराव, ज्यावर रूळ नुसते हवेत लोंबत असतात. उत्तरेकडे बीव्हर हे बांध घालणारे प्राणी मोऱ्या बुजवतात आणि मार्ग पाण्याखाली जातो. लाकडी पूल आधी पायी तपासायचा: जळालेले किंवा कुजलेले खांब, गायब फळ्या. कुजू नये म्हणून क्रिओसोट हे डांबरी तेल लावलेले लाकूड धुराड्याच्या ठिणगीने पेटते, म्हणून त्यावर थांबू नये. बोगद्यात छताचे दगड पडलेले असतात आणि इंजिनाचा धूर साचतो. अनेक गाड्या एकत्र असतील तर मागची पुढच्यावर आदळते. सरळ मार्गावरही किमान १०० मीटर अंतर ठेवावे.

अशा मार्गांत कॅलिफोर्नियातील कॅरिझो गॉर्जचा मान मोठा. सॅन डिएगोहून पूर्वेकडे जाणारा हा मार्ग १९१९ मध्ये पूर्ण झाला. १९३२ मध्ये एक बोगदा कोसळल्यावर मार्ग वळवून गोट कॅन्यन दरीवर सुमारे ६० मीटर उंचीचा वळणदार लाकडी पूल बांधला. १९७६ च्या कॅथलीन वादळाने मार्ग ठिकठिकाणी उद्ध्वस्त केला. मिलवॉकी रोडचे रूळ मात्र १९८० च्या दशकातच उचलले गेले. तिथला सेंट पॉल पास बोगदा आज सायकलस्वारांचा आहे. राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यातील १९८३ च्या दुरुस्तीने बंद मार्गाची जमीन पुढे रेल्वेसाठी राखून पायवाटेला देण्याची सोय झाली, आणि असे बरेच मार्ग पायवाटांसाठी गेले.

उरलेली स्पीडर-भ्रमंती आता मुख्यतः नॅर्कोआ या उत्तर अमेरिकी संघटनेच्या नियमांखाली चालते. मार्गमालकाची परवानगी, गाडीची तपासणी, चालकाची नियमांची परीक्षा आणि विमा या चार गोष्टींशिवाय तिच्या सहलीत गाडी रुळांवर उतरवता येत नाही.