माठ नागपूरला, छज्जा मुंबईला

नोएडातल्या एका कारखान्यात 'अँट स्टुडिओ' या वास्तुरचना संस्थेने भाजलेल्या मातीच्या नळ्या मधाच्या पोळ्यासारख्या रचल्या आणि त्यांवर पाणी सोडलं. जनरेटरचा गरम झोत त्यांतून जाताना निवतो. काम देखणं आहे, त्यामुळे फोटो पाहून कुणीतरी विचारतंच, 'आपल्या सोसायटीत हे का नाही?'

कारण आपली मुंबईची हवा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती हवेतून ओढली जाते, म्हणून गारवा. पण हवा आधीच दमट असेल तर पाणी फारसं उडत नाही. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या मातीवरून जाणारी हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्क्यांना ती साडेसत्तावीसवरच अडते. वर दमटपणा वाढतो तो वेगळाच.

मुंबईने करायचं ते असं: ऊन भिंतीवर पडू द्यायचं नाही आणि वारा अडवायचा नाही. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींचे वळणदार छज्जे नक्षी म्हणून नावाजले जातात. खरं तर ते खिडकीला सावली देतात, पाऊस अडवतात. चाळीची गॅलरीही तेच करते, फक्त तिचं कौतुक होत नाही.

छज्जा पुरत नाही तो पश्चिमेला. संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्या खालून आत शिरतं, आणि समुद्राचा वारा तर नेमका तिकडूनच हवा असतो! वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी पेडर रोडजवळच्या 'कांचनजंगा'त (१९८३) हा पेच छान सोडवला. जुन्या बंगल्याभोवतीचा व्हरांडा त्यांनी २८ मजली इमारतीत नेला: कोपऱ्यांत खोल, दोन मजले उंच गच्च्या. वारा येतो, ऊन बाहेरच थांबतं.

मेच्या मध्यावर सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर असतो, तेव्हा मार बसतो गच्चीला. तिथे पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक ऊन परतवतो. मात्र तो धुवावा लागतो; काजळी धरली की निम्मा फायदा गेलाच म्हणायचा.

आपण मात्र गॅलरीला स्लायडिंग लावून खोली वाढवतो. काचेतून ऊन आत येतं, तापलेल्या भिंती-फरशीची उष्णता तिच्यातून सहज बाहेर पडत नाही. मग एसी लागतो. तो खोलीतली उष्णता, अधिक स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता, शेजाऱ्याच्या खिडकीकडे सोडतो.