गावठी गाईला लस नको? हा समज जीव घेतो

‘खिल्लार आहे, हिला कसला रोग? सुई जर्सीला मारा.’ लसीकरणाच्या दिवशी हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

गोचीडतापाचं उदाहरण घ्या. शास्त्रज्ञांनी देशी साहिवाल आणि विदेशी होल्स्टीन वासरांना थायलेरियाचा (हा ताप आणणाऱ्या, गोचिडीतून पसरणाऱ्या परजीवीचा) संसर्ग मुद्दाम देऊन पाहिला. लागण दोन्हींना झाली. फरक पुढे पडला: साहिवाल वासरांना ताप कमी आला आणि ती सावरली, होल्स्टीन मात्र गंभीर आजारी पडली. म्हणजे रक्तात गुण आहे, पण तो रोग सोसण्याचा, आणि त्या एका रोगापुरता. शिवाय एकाच जातीतही जनावरागणिक तो कमी-जास्त असतो. अंगावर गोचिड्या कमी टिकू देण्याच्या गुणाचंही तसंच. म्हणूनच ऑस्ट्रेलियात पैदाशीसाठी निवड करताना जनावराच्या एका कुशीवरच्या फुगलेल्या गोचिड्या मोजत. कमी गोचिड्यांचा वळू ठेवायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या करावं लागतं.

बाकीच्या रोगांचं काय? बुळकांडीने देशी गुरांचे गोठेच्या गोठे ओस पाडले. गुरांच्या अशा साथींच्या अभ्यासासाठीच 1889 साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. 2011 मध्ये बुळकांडी जगातून गेली, ती मुख्यतः लसीमुळे. 2022 च्या लम्पीत राजस्थानात देशी गाईही मोठ्या संख्येने मेल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा खिल्लार, डांगी, देवणी जरूर जपा, त्यांच्यातले काटक वळू निवडा. पण लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी आणि घटसर्पाची पावसाळ्याआधी त्यांनाही टोचून घ्या.