पुढचं दार नसलेलं घर

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सन शहराच्या कृष्णवर्णीय वस्तीत एक साधं बैठं घर आहे. शेजारच्या घरांची दारं रस्त्याकडे उघडतात. या घराला मात्र पुढचं दारच नाही, गाडी लावायच्या शेडमधून बाजूने आत शिरावं लागतं. १९५६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स बायकोमुलांना घेऊन इथे राहायला आले. त्यांच्या भाषणांपेक्षा मला हे घर जास्त बोलकं वाटतं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकाला स्वतःच्या देशात असं घर का बांधून घ्यावं लागलं, याचं उत्तर बरंच मागे जाऊन शोधावं लागतं.

मेडगर यांचा जन्म २ जुलै १९२५ चा, मिसिसिपीतल्याच डिकेटर गावातला. ते लहान असताना वडिलांच्या ओळखीतल्या एका माणसाचा गोऱ्यांच्या झुंडीने बळी घेतला. त्याचे रक्ताळलेले कपडे कितीतरी दिवस माळावर तसेच पडून होते आणि पोरं ते येता-जाता बघत. १९४३ मध्ये शाळा अर्धवट सोडून मेडगर सैन्यात गेले. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते, पण त्यांच्या तुकड्या वेगळ्या, राहणं-जेवणं वेगळं, आणि वाट्याला बहुतेक वेळा हमालीची नाहीतर ट्रक चालवायची कामं. मेडगर यांची तुकडीही गोदीवर माल उतरवणारी होती. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरल्यानंतर तिथे जो दारूगोळा, अन्न आणि पेट्रोल पोहोचलं, त्यात या हातांचा मोठा वाटा होता. हिटलरच्या वंशद्वेषाविरुद्ध लढणारं हे सैन्य स्वतः वर्णावरून विभागलेलं होतं. १९४२ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने ‘दुहेरी विजया’ची हाक दिली होती: एक विजय परदेशातल्या शत्रूवर, दुसरा घरातल्या अन्यायावर.

दुसरी लढाई मेडगर यांनी परतताच सुरू केली. २ जुलै १९४६ रोजी, नेमक्या एकविसाव्या वाढदिवशी, ते भाऊ चार्ल्स आणि आणखी काही माजी सैनिकांसोबत डिकेटरच्या मतदान केंद्रावर गेले. नावनोंदणी झालेली होती. पण समोर हत्यारं घेतलेला गोऱ्यांचा जमाव उभा होता, आणि त्यांना मत न देताच माघारी फिरावं लागलं.

माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी १९४४ मध्ये झालेल्या कायद्याचा आधार घेऊन ते अल्कॉर्न कॉलेजात शिकले. तिथेच मर्ली बीझली भेटल्या. २४ डिसेंबर १९५१ ला लग्न झालं. पुढे माउंड बायू या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात राहून मेडगर विमा विकू लागले. मिसिसिपीच्या डेल्टा या शेतीच्या भागात कापसाच्या मळ्यांवर बटईने राबणाऱ्या कुटुंबांचे हाल त्यांनी या फिरतीत जवळून पाहिले. ज्या पेट्रोल पंपावर आपल्याला स्वच्छतागृह वापरू देत नाहीत, तिथे पेट्रोल घेऊ नका, ही मोहीम याच काळातली. १९५४ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या विधी शाखेने त्यांना प्रवेश नाकारला आणि त्याच वर्षी ते एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे राज्यातले पहिले पूर्णवेळ प्रतिनिधी झाले. पुढच्या वर्षी चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांनी खून केला, तेव्हा साक्षीदार शोधायला ते शेतमजुराचे कपडे घालून मळ्यांवर फिरले. मर्ली त्यांच्याच कार्यालयात सचिवाचं काम करत.

धमक्या रोजच्याच होत्या. म्हणून घराला पुढचं दार नाही, आणि मुलांच्या गाद्याही खिडकीतून आलेली गोळी लागू नये अशा खाली. डॅरेल, रीना आणि धाकटा व्हॅन या तिघांना बापाने सैनिकी कवायतच शिकवली होती: आवाज झाला की जमिनीवर आडवं व्हायचं, सरपटत न्हाणीघर गाठायचं आणि टबमध्ये शिरायचं. युद्धातली विद्या तान्ह्या-कोवळ्या पोरांना शिकवताना त्यांना काय वाटलं असेल, या विचाराने आजही पोटात तुटतं.

१९६३ च्या मे महिन्यात ते स्थानिक टीव्हीवर बोलले आणि त्यांचा चेहरा घरोघरी पोहोचला. त्याच महिन्याच्या शेवटी त्यांच्या शेडमध्ये पेट्रोलबॉम्ब फेकण्यात आला. मर्ली यांनी बागेच्या पाइपने पाणी मारून ती आग विझवली. ११ जूनच्या रात्री अध्यक्ष केनेडी नागरी हक्कांवर टीव्हीवर बोलले. ते भाषण बघून मुलं वडिलांची वाट पाहत जागी होती. मध्यरात्र उलटल्यावर मेडगर आले, गाडीतून उतरले, आणि समोरच्या झुडपांतून आलेली गोळी पाठीत घुसली. शरीर भेदून ती खिडकीतून स्वयंपाकघरापर्यंत गेली. आत मुलांनी शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. मग ती बाहेर धावली आणि बाबांना उठवू लागली. तासाभरातच इस्पितळात मेडगर यांचा मृत्यू झाला. वय ३७.

१९ जूनला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी इतमामात त्यांचं दफन झालं. त्याच दिवशी केनेडींनी नागरी हक्क विधेयक काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे पाठवलं. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला आणि त्यावर सही झाली ती तारीख २ जुलै, मेडगर यांचा वाढदिवस.

मारेकरी बायरन डी ला बेकविथ हाही दुसऱ्या महायुद्धातला सैनिक होता. मरीन दलात असताना पॅसिफिक महासागरातल्या तारावा बेटावरच्या लढाईत तो जखमी झाला होता. १९६४ मध्ये दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्युरी, म्हणजे निकाल देणारे नागरिक, सगळे गोरे पुरुष होते, आणि दोन्ही वेळा त्यांचं एकमत न झाल्याने निकालच लागला नाही. मर्ली यांनी तीस वर्षं पाठपुरावा सोडला नाही. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी, आता कृष्णवर्णीयही असलेल्या ज्युरींनी त्याला दोषी ठरवलं. २००१ मध्ये तो जन्मठेप भोगत असतानाच मेला.

ते घर मर्ली यांनी टूगालू कॉलेजला देऊन टाकलं. आता ते राष्ट्रीय स्मारक आहे, आणि पाहायला येणाऱ्यालाही त्या बाजूच्या शेडमधूनच आत जावं लागतं.